सुकलेली कार्ट्रिजं घरी साफ केली आणि भरली: १५ जूनच्या आधीचे दहा दिवस

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका वाडीवर आमची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथी, पट २३. शाळेत एक छोटा इंकजेट प्रिंटर आहे, दोन कार्ट्रिजवाला: एक काळं, एक तिरंगी. वाडीतली जी मंडळी मुंबईला माथाडीत आहेत, ती यात्रेला गावी आली तेव्हा त्यांनी वर्गणी काढून तो शाळेला घेऊन दिला. तेव्हा ३,९०० रुपये पडले होते. हे आधीच सांगते, कारण तो बंद पडला तेव्हा माझ्या पोटात गोळा का आला ते त्याशिवाय कळायचं नाही.

२०२४ च्या ३० एप्रिलला त्यावर शेवटची प्रगतिपत्रकं काढली. १ मेला निकाल झाला. ७ मेला लोकसभेचं मतदान होतं आणि आमची मोठी खोली म्हणजे मतदान केंद्र, त्यामुळे कपाट, बाकं, प्रिंटर सगळं शेजारच्या पत्र्याच्या खोलीत हलवलं. घाईत मी प्रिंटरचं बटण न दाबता थेट प्लग उपसला. ही चूक किती महागात पडणार होती ते तेव्हा माहीत नव्हतं. बटण दाबून बंद केला की आतला कार्ट्रिजचा गाडा एका कडेला जाऊन थांबतो आणि तिथली रबरी टोपी कार्ट्रिजच्या तोंडाला खालून बसते. प्लग उपसला की गाडा असेल तिथेच उघड्या तोंडाने राहू शकतो. मे महिना, माणचं ऊन, वर पत्रा. पाच आठवडे तो तसाच होता, अंगावर फक्त माझी एक जुनी ओढणी.

५ जूनला, बुधवारी, शाळेत गेले. १५ तारखेला शाळा उघडणार होती आणि पहिलीला सहा मुलं नवीन येणार होती. त्यांच्यासाठी आपल्याच परिसरातली चित्रकार्डं करायची असं मी आणि सरांनी एप्रिलमध्येच ठरवलं होतं. म मेंढीचा, ब बाजरीचा, ट टँकरचा. आमच्या मुलांनी हे रोज पाहिलेलं असतं, त्यामुळे अक्षर चटकन बसतं. पहिलं पान काढलं. मेंढीचं अंग दिसत होतं, पण काळी रेघ जागोजागी तुटलेली. बाजरीची पानं पिवळीधमक. हिरवा रंग आकाशी आणि पिवळा मिळून होतो, आकाशी आलाच नाही तर उरणार पिवळाच.

संगणकावरून प्रिंटरची सफाई चालवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी पान आधीपेक्षा फिकं आलं. ही सफाई म्हणजे प्रिंटर आतली शाई जोराने ओढून बाहेर टाकतो. तोंडच बंद असेल तर ज्या छिद्रांतून शाई येतेय तिथलीच वाया जाते. दोनदा करून फरक पडला नाही तर थांबावं. मी तिथे थांबले नाही, त्यामुळे होती ती शाईही गेली.

६ जूनला दोन्ही कार्ट्रिजं पिशवीत घालून दहिवडीला गेले. दुकानदाराने खालची बाजू पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, ही बाद झाली. नवीनच घ्या." नवीन काळं ९६० रुपये, रंगीत १,१८०. भरून द्याल का विचारलं तर काळ्याचे २०० आणि रंगीतचे ३०० सांगितले, पण सुकलेल्याची गॅरंटी नाही आणि ती साताऱ्याला पाठवणार, म्हणजे परत यायला चार-पाच दिवस.

सरांना फोन केला. शाळेच्या अनुदानातून घ्यायचं तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा, पक्कं बिल हवं आणि खर्च पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून टाकायला हवा. समितीची सभा १२ जूनला. त्यानंतर पैसे सुटून कार्ट्रिज हातात येईतो शाळा उघडून आठवडा गेला असता. लोकवर्गणीच्या हिशोबात १,१४० रुपये शिल्लक होते. सर म्हणाले, "त्यात बसतंय का बघा. तुम्ही घ्या, ठराव आपण १२ ला करू. बिल मात्र शाळेच्या नावाने."

मग मी त्याच दुकानातून सुट्या शाईचा संच घेतला. काळी, आकाशी, मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी, प्रत्येकी १०० मिली, ५२० रुपये, पक्क्या बिलासह. मेडिकलमधून ५ मिलीच्या चार सिरिंज, ४० रुपये. रंगाला एक, अशा चारच लागतात, एकच धुऊन धुऊन वापरू नका. गॅरेजवरून बॅटरीत घालायचं पाणी, एक लिटर, ३० रुपये. ५० रुपयांचे टिश्यू पेपर. एकूण ६४०. बॅटरीचं पाणी कशाला, असं गॅरेजवाल्या दादांनीही विचारलं. आमच्याकडे बोअरचं पाणी असं आहे की हंड्याला आतून पांढरा थर धरतो. उन्हाळ्यात टँकर येतो, त्याचंही तेच. कार्ट्रिजच्या तोंडावरची छिद्रं केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असतात. त्यांत असलं पाणी सुकलं तर शाईच्या बुचाऐवजी क्षाराचं बूच बसणार. बॅटरीचं पाणी क्षार काढून टाकलेलं असतं.

घरी आल्यावर आधी दोन तास फक्त वाचलं. आपण नक्की काय साफ करणार आहोत तेच मला माहीत नव्हतं. आमच्यासारख्या प्रिंटरमध्ये छपाई करणारं तोंड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. आतल्या स्पंजमध्ये शाई असते आणि खालच्या पट्टीत प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर. वीज मिळाली की तो क्षणात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि बुडबुडा शाईचा थेंब कागदावर ढकलतो. जपानमध्ये कॅननच्या संशोधकाला ही कल्पना १९७७ साली सुचली ती अशीच: शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेला सोल्डरिंगचा लोखंडी दांडा लागला आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. समोर टेबलावर चार सिरिंज पडलेल्या असताना हे वाचलं आणि मला एकदम धीर आला. या यंत्राची सुरुवातच सिरिंज आणि शाईपासून झाली आहे.

यातून दोन गोष्टी पक्क्या कळल्या. एक, शाईच त्या हीटरला थंड ठेवते. शाई संपल्यावरही छापत राहिलं तर हीटर जळतो, मग कितीही धुवा. दोन, ज्यांच्याकडे बाटलीतून शाई ओतायचा टाकीवाला प्रिंटर आहे त्यांना माझी ही पद्धत लागू नाही. त्यांचं छपाईचं तोंड बहुतेक वेळा प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं, ते असं काढून बशीत ठेवता येत नाही.

७ जून, शुक्रवार. संध्याकाळी पोरांना बाहेर पिटाळलं, ओट्यावर जुने पेपर अंथरले, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या. पसरट बशीत बॅटरीचं गरम पाणी घेतलं, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. उकळतं नको, बोट बुडवलं तर चटकन मागे घ्यावंसं वाटेल इतपत. काळं कार्ट्रिज फक्त तोंड बुडेल असं उभं केलं. मागच्या बाजूला तांब्यासारखे चकाकणारे ठिपके असतात, प्रिंटर त्यांच्यातूनच कार्ट्रिजशी बोलतो. त्यांना पाणी लागू द्यायचं नाही. लागलंच तर लगेच टिपायचं आणि पूर्ण सुकल्याशिवाय प्रिंटरमध्ये बसवायचं नाही.

पहिला मिनिटभर काही झालं नाही. मी वाकून बघत होते. मग तोंडाच्या एका टोकातून शाईचा एक धागा सुटला, केसाएवढा, आणि सरळ खाली जाऊन बशीच्या तळाशी वेटोळं करून बसला. त्याच्या शेजारी दुसरा. थोड्या वेळाने सगळ्या पट्टीतून काळे धागे उतरायला लागले आणि बशीतलं पाणी ढगाळलं. घरात कुणी नव्हतं, तरी मी मोठ्याने "आलं!" म्हणाले.

दोन मिनिटांनी उचललं, चौपदरी टिश्यूवर नुसतं टेकवलं. घासायचं नाही, टेकवायचं आणि उचलायचं. टिश्यूवर दोन काळ्या समांतर रेघा उमटल्या, एक जरा तुटलेली. पाणी बदलून पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा टिश्यू. चौथ्या वेळी दोन्ही रेघा अखंड आल्या.

रंगीतने मात्र परीक्षा पाहिली. तीन पट्ट्या उमटायला हव्यात. पिवळी आणि मॅजेंटा दुसऱ्याच बुडीला आल्या, आकाशीच्या जागी नुसतं ओलं पाणी. सहा वेळा गरम पाणी झालं, नऊ वाजले, पोरं जेवायला मागायला लागली. मग शेवटचा उपाय म्हणून जे केलं त्यानेच काम झालं. टिश्यूची जाड घडी बॅटरीच्या पाण्यात भिजवून डब्याच्या तळाशी ठेवली, तिच्यावर कार्ट्रिज तोंड खाली करून उभं केलं आणि डब्याला झाकण लावलं. रात्रभर. ८ तारखेला सकाळी घडीवर आकाशी रंगाचा बोटाच्या पेराएवढा फिकट डाग होता. घडी बदलली, दिवसभर तसंच ठेवलं. रात्री पुन्हा बदलली. ९ तारखेला, रविवारी सकाळी टिश्यूवर तिन्ही पट्ट्या उमटल्या. सुकलेल्याला वेळ द्यावा लागतो. सुईने टोचून, ब्रशने घासून छिद्रं मोकळी होत नाहीत, फाटतात.

रविवारीच शाई भरली. आधी काळं. वरचा स्टिकर एका कोपऱ्यातून हळू सोलला. तो टाकायचा नाही, बशीवर उलटा चिकटवून ठेवायचा. खाली दोन-तीन भोकं दिसली. टूथपिक घालून पाहिलं, ज्या भोकात ती मऊ स्पंजात रुतली ते भरायचं. सुई स्पंजात अर्ध्यापर्यंत नेली आणि शाई सोडली, एक मिली सोडायला एक मिनिट, याहून घाई नाही. घाई केली की स्पंजात हवा अडकते आणि शाई तोंडाशी पोचत नाही. चार मिली गेल्यावर भोकाशी शाई डोकवायला लागली. तिथे थांबले आणि पाव मिली परत ओढून घेतली. काठोकाठ भरलेलं कार्ट्रिज प्रिंटरच्या आत गळतं.

रंगीतमध्ये तीन भोकं. कुठलं कुठल्या रंगाचं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या आकृतीवर विसंबू नका. टूथपिक घालायची, पांढऱ्या कागदावर टेकवायची, रंग दिसतो. प्रत्येक भोकाला नवीन टूथपिक. प्रत्येकात दीड मिली. आकाशी नीट गेली, पिवळी नीट गेली. मॅजेंटाला मात्र हात जड झाला, शाई भोकातून वर आली आणि ओघळ थेट पिवळ्याच्या भोकात. टिश्यूवर टेकवलं तर पिवळ्याच्या जागी नारिंगी पट्टी.

मी तशीच खाली बसले. ठरावाआधी पैसे खर्च केले होते, वर्गणीतले. पण पिवळी खरं तर भरपूर होती, मिसळलेली थोडीच होती. मग टिश्यूवर टेकवत राहिले, दोन-दोन मिनिटांनी, नवीन तुकड्यावर. नारिंगी, फिकट नारिंगी, आंबा, हळद. चौदाव्या तुकड्यावर शुद्ध पिवळा आला. अर्धा मिली पिवळी पुन्हा भरली. तोपर्यंत दहाही बोटं रंगली होती. पिशव्या केव्हाच फाटल्या होत्या, आणि नखावरची मतदानाची शाईही अजून पुरती गेली नव्हती. प्रिंटरची शाई तीन दिवसांत जाते, खोबरेल तेल चोळून मग साबण लावा.

भोकांवर स्टिकर परत लावला, पण त्याचा चिकटपणा गेला होता. म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून बसवली, सगळीकडून सीलबंद.

१० जूनला शाळेत कार्ट्रिजं बसवली. पडद्यावर सूचना आली की कार्ट्रिज वापरलेलं आहे, शाईची पातळी सांगता येत नाही. घाबरू नका, ठीक आहे म्हणून पुढे जायचं. प्रिंटर आतली शाई मोजत नाही, किती थेंब उडवले त्याचा हिशोब ठेवतो, त्यामुळे भरल्यावरही रिकामंच दाखवणार. इथून पुढे शाई किती आहे ते आपणच वहीत लिहायचं. रंग एकमेकांवर नीट बसतात का ते पाहणारं एक जुळवणीचं पान काढलं आणि मग बाजरी. पानं हिरवी! सर नुसते बघत राहिले. दुसरं पान, तिसरं, चौथं, सगळं छान. पाचव्याला हिरवं फिकं झालं, सहाव्याला रंग जवळजवळ गेलाच.

दुपारभर पुन्हा साफ केलं, फरक नाही. घरी नेऊन टिश्यूवर टेकवलं तर पट्ट्या पुसट. शेवटी चिकटपट्टी सोलली आणि हाताला अगदी बारीक 'फुस्' जाणवलं. तेव्हा उलगडा झाला. शाई खालून बाहेर जाते तेवढी हवा वरून आत यायला हवी. तेलाच्या डब्याला आपण दुसरं भोक पाडतो ना, तेच. मूळ स्टिकरच्या खाली प्लॅस्टिकवर नागमोडी बारीक खाचा असतात, त्या हवेच्या वाटा. मी त्या चिकटपट्टीने बुजवल्या होत्या आणि आत निर्वात होऊन शाई अडली होती. पट्टी काढून नुसता जुना स्टिकर सैलसर ठेवला, दहा मिनिटं थांबले, टिश्यूवर तिन्ही रंग ठसठशीत. एवढी एकच गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर माझा एक दिवस वाचला असता, म्हणून सविस्तर लिहिलं.

११ तारखेला उत्साहात कपाटातलं आणखी एक जुनं काळं कार्ट्रिज काढलं, वर्षभर रिकामं पडलेलं. तीच सगळी पद्धत केली. टिश्यूवर रेघा सुरेख आल्या, पण छापताना अक्षरांचा मधलाच पट्टा गायब, दरवेळी त्याच ठिकाणी. गेल्या वर्षी शाई संपत आल्यावरही आम्ही त्यावर वीसेक पानं पुसट-पुसट काढली होती, तेव्हाच तिथले हीटर जळले असणार. टिश्यूवर रेघ येते म्हणजे छिद्र मोकळं आहे एवढंच कळतं. ते कार्ट्रिज मी सोडून दिलं. कचऱ्यात जाळायचं नाही, प्रिंटरची कार्ट्रिजं ई-कचऱ्यात धरली जातात. ते दुकानात परत दिलं.

१२ जूनची सभा. ६४० रुपयांच्या खर्चाला मंजुरीचा ठराव झाला, बिलं फाईलला लागली, किर्दीत नोंद झाली आणि शाईच्या चार बाटल्या साठा नोंदवहीत मिलिलिटरसह चढल्या. मी आधीच्या चुकीसकट सगळं सांगितलं, प्लग उपसल्याचंही. समितीतल्या एका आजोबांनी बाजरीचं कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "कणीस बराबर काढलंय बाई. पण दाणं भरल्यावर असलं हिरवं राहत न्हाई, जरा पिवळं करा." रंग कमी-जास्त करणं आता माझ्या हातात होतं. १३ तारखेला ते कार्ड बदलून काढलं.

१५ जूनला शनिवारी सहा मुलं आली. एक रडत, पाच बघत. मेंढीचं कार्ड सगळ्यांनी ओळखलं. एकाने हात धुऊन तसेच ओले हात त्यावर ठेवले आणि मेंढीची काळी रेघ पसरली. मूळ कार्ट्रिजमधली काळी शाई बहुधा रंगकणांची असते, ती पाण्याला दाद देत नाही. मी आणलेली सुटी काळी शाई पाण्यात विरघळणारी आहे. साक्षांकित प्रती किंवा दाखले यासाठी ती वापरू नका, आणि शाई घेताना दुकानात तेवढं विचारून घ्या. कार्डांवर आम्ही त्याच दुपारी रुंद चिकटपट्टी मारली. इथे ती घट्ट बसली तरी चालते.

तेव्हापासून दर सोमवारी परिपाठानंतर एक रंगीत पान काढायचं ठरलंय, काम असो वा नसो. चारही रंग येतील असं छोटं चित्र. चौथीची मुलं पाळीने निवडतात, आणि बटण दाबून प्रिंटर बंद करणंही त्यांच्याचकडे आहे. रबरी टोपी कुठे बसते ते त्यांना दाखवलंय. दिवाळीच्या सुट्टीत प्रिंटर माझ्या घरी होता. तोपर्यंत काळं आणखी तीनदा भरून झालं, रंगीत दोनदा, आणि काळ्या शाईच्या बाटलीतली वीस मिलीही संपली नव्हती. तिरंगीमधला आकाशी डिसेंबरात पुन्हा एकदा अडला. एक रात्र डब्यात ठेवला, सकाळी मोकळा झाला होता.